वागळे इस्टेटमधील कार्यालयाचे नेटवर्क नव्याने करायचे आहे : गट कसा नेमावा आणि केबल कोणती घ्यावी?

खाडीकाठ | सोमवार, सकाळी १०.२०

आमचे कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका जुन्या गाळ्यांच्या इमारतीत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर आहे. मधला तिसरा मजला दुसऱ्याच एका व्यवसायाकडे आहे आणि ही गोष्ट पुढे अडचणीची ठरणार असल्याने आधीच सांगते. आमचे काम स्थापत्य सल्लागाराचे आहे, त्यामुळे आराखड्यांच्या मोठ्या फायली दिवसभर सर्व्हरवरून उघडल्या आणि पुन्हा साठवल्या जातात. माणसे ८५ आहेत. मूळ केबलिंग २०११ साली कॅट ५ई या जुन्या जातीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलमध्ये झाले. त्यानंतर माणसे वाढली तसे कुठे टेबलाखाली आठ पोर्टचा (म्हणजे आठ केबली जोडता येणारा) छोटा स्विच, कुठे खिडकीच्या चौकटीवरून ओढलेली उघडी केबल, अशी भर पडत गेली. आज टेबलाजवळचा कोणता पॉइंट (केबल लावायची खाच) स्विचच्या कोणत्या पोर्टला जातो, हे खात्रीने सांगू शकेल असे कार्यालयात कोणीही नाही.

व्यवस्थापनाने हे काम माझ्याकडे सोपवले आहे. मी प्रशासन विभागात आहे, नेटवर्क हा माझा विषय नाही. परंतु हे काम नीट व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तीन ठेकेदारांची दरपत्रके आली आहेत. एकाने सर्वत्र कॅट ६, दुसऱ्याने सर्वत्र कॅट ६ए (दोन्ही कॅट ५ईनंतरच्या जाती) सुचवली आहे, तर तिसऱ्याने केवळ 'उत्तम दर्जाची केबल' एवढेच लिहिले आहे. या कामासाठी कार्यालयातील कोणाकोणाला एकत्र बसवावे, केबल कोणती घ्यावी आणि काम एकदम करावे की मजल्यागणिक, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ऐरोली नाका | सोमवार, दुपारी १.०५

केबलचा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी गटाविषयी लिहितो, कारण ऐरोली आणि महापे परिसरातील कार्यालयांची अशी कामे पाहताना मला दिसले आहे की, काम बिघडते ते बहुधा केबलमुळे नव्हे, तर निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसल्यामुळे बिघडते.

गट लहान ठेवा, पण त्यात पुढील माणसे असलीच पाहिजेत. खर्चाला मंजुरी देऊ शकेल अशी एक व्यक्ती हवी, आणि तिने बैठकीला स्वतः यावे, प्रतिनिधी पाठवू नये. नेटवर्कचे तांत्रिक ज्ञान असलेली एक व्यक्ती हवी. ती आपल्याकडे नसेल, तर केबल न विकणारा सल्लागार काही दिवसांसाठी मानधन देऊन घ्यावा. ज्याला माल विकायचा आहे, त्यानेच गरज किती हे ठरवावे, ही व्यवस्था मला योग्य वाटत नाही. इमारतीचा वीजतंत्री पहिल्या दिवसापासून हवा, कारण रॅकला (स्विच आणि सर्व्हर ठेवायच्या कपाटाला) स्वतंत्र सर्किट, यूपीएस आणि अर्थिंग लागते आणि हे सगळे शेवटच्या आठवड्यात आठवले तर झालेल्या भिंती पुन्हा फोडाव्या लागतात. आपण प्रशासनात असल्यामुळे किल्ल्या, लिफ्ट, गाळेधारकांच्या सोसायटीची परवानगी आणि सुरक्षारक्षकांना द्यायची सूचना ही बाजू आपोआप आपल्याकडे येते. ही बाजू लहान समजू नका. केबल आलेली असते, माणसे आलेली असतात आणि शाफ्टची (मजल्यांमधून केबली नेणाऱ्या उभ्या पोकळीची) किल्ली मात्र रविवारी गावाला गेलेल्या गृहस्थाकडे असते, असे प्रसंग मी अनुभवले आहेत.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रत्येक विभागातून एक असा माणूस घ्या, ज्याला त्या विभागाच्या कामाच्या तारखा ठाऊक आहेत. निविदा कधी भरायच्या आहेत, महिनाअखेरीला कोण उशिरापर्यंत थांबते, हे तांत्रिक माणसाला माहीत नसते. या लोकांना केबल निवडण्याचा अधिकार देऊ नका, पण 'या दिवशी आमचे नेटवर्क बंद करू नये' असे म्हणण्याचा अधिकार जरूर द्या. कोणाचा निर्णय कशापुरता, हे एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. ते पान पुढे फार उपयोगी पडते.

खारी हवा | सोमवार, सायंकाळी ६.४०

मी देखभालीचे काम करतो. नवीन केबल घेण्यापूर्वी आजचे दुखणे नेमके कुठे आहे हे मोजावे, अशी माझी विनंती आहे. व्यवस्थित टाकलेल्या कॅट ५ईवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग मिळतो, आणि २०१६ साली आलेल्या ८०२.३बीझेड या मानकानुसार तिच्यावरून अडीच गिगाबिटही जाऊ शकतात. म्हणून केवळ केबल जुनी आहे एवढ्यावरून ती दोषी ठरत नाही.

प्रत्येक संगणक कोणत्या वेगाने जोडला गेला आहे, हे त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसते. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर दोन शक्यता आहेत. एक तर मध्ये १०० मेगाबिटचा जुना स्विच आहे, किंवा केबलमधील चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एक तार निसटली तरी संगणक चालू राहतो आणि दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. दोन मजल्यांना जोडणाऱ्या दुव्यावर दिवसभरात किती भार येतो, तेही चार-पाच दिवस नोंदवा. त्यानंतर दरपत्रके पुन्हा वाचा.

खाडीकाठ | शुक्रवार, दुपारी ४.१५

खारी हवा यांच्या सूचनेप्रमाणे चार दिवस मोजणी केली आणि चित्र माझ्या समजुतीपेक्षा बरेच वेगळे निघाले. तारेने जोडलेल्या ७१ संगणकांपैकी ५२ गिगाबिटवर आहेत आणि १९ हे १०० मेगाबिटवर आहेत. त्या १९ पैकी १२ संगणक टेबलाखालच्या चार जुन्या स्विचांमागे आहेत, तर उरलेल्या ७ पॉइंटांमध्ये एखादी जोडी तुटलेली आहे.

मुख्य दोष मात्र मजल्यांच्या मध्ये सापडला. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि चौथ्या मजल्यावरील ४० माणसे एकाच कॅट ५ई केबलवरून त्याच्याशी जोडलेली आहेत. सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत तो एक गिगाबिटचा दुवा पूर्ण भरलेला असतो. तिन्ही दरपत्रकांत टेबलांपर्यंतच्या केबलचा सविस्तर हिशेब आहे, पण या दुव्याविषयी एकही ओळ नाही. लांबीही मोजली : रॅकपासून सर्वांत दूरचा पॉइंट छतावरून फिरून आणि खाली उतरून ६२ मीटरवर येतो.

तांब्याची तार | शुक्रवार, रात्री ९.३०

केबलिंग हाच माझा वीस वर्षांचा व्यवसाय आहे आणि बहुतेक कामे तुर्भे, रबाळे, वागळे या पट्ट्यातली आहेत. ६२ मीटर हा आकडा आपण दिला हे चांगले झाले, कारण कॅट ६ आणि कॅट ६ए यांतील निवड बरीचशी त्यावर अवलंबून आहे.

कॅट ६ ही २५० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट ६ए ही ५०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. एक गिगाबिटसाठी दोन्ही १०० मीटरपर्यंत सारख्याच चालतात. फरक पडतो तो १० गिगाबिटला : कॅट ६ए पूर्ण १०० मीटर जाते, तर कॅट ६ अनुकूल स्थितीत ५५ मीटरपर्यंत आणि केबलींचे दाट जुडगे असेल तर जेमतेम ३७ मीटरपर्यंतच जाते. म्हणजे आपल्या दूरच्या पॉइंटांना पुढे कधी १० गिगाबिट हवे झाले, तर कॅट ६ तिथे पुरणार नाही. पण आराखडे काढणाऱ्या प्रत्येक टेबलाला १० गिगाबिट खरोखर लागणार आहे का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. माझे मत असे आहे की टेबलांना कॅट ६ पुरेशी आहे. वाय-फायच्या प्रत्येक जागी कॅट ६एच्या दोन केबली न्याव्यात. आणि मोठ्या त्रिमितीय प्रतिकृतींवर काम करणारी मोजकी टेबले असतील तर तेवढ्यांना कॅट ६ए द्यावी. सर्वत्र कॅट ६ए घेण्यात केवळ पैसे जातात असे नाही. ती जाड असते, वाकवायला अवघड असते, जुन्या पाइपांत मावत नाही आणि तिचे टोक बसवायला कारागिराचा वेळ जास्त जातो. घाईत बसवलेली कॅट ६ए ही काळजीने बसवलेल्या कॅट ६पेक्षा वाईट चालते, हे मी स्वतः तपासणी यंत्रावर पाहिलेले आहे.

आता 'उत्तम दर्जाची केबल' या शब्दांविषयी. बाजारात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते. ती खोक्यावरच्या छपाईत कॅट ६ म्हणवते, पण मानकाला तांब्याचीच तार अपेक्षित आहे. अॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे त्याच जाडीच्या तारेचा रोध वाढतो. नुसता डेटा जाईपर्यंत हा दोष झाकला जातो. केबलमधून वाय-फाय यंत्राला किंवा कॅमेऱ्याला वीज द्यायला लागलो की तार तापते, दूरच्या यंत्राला विजेचा दाब कमी पडतो आणि ते यंत्र आपोआप बंद-चालू होत राहते. शिवाय अशी तार टोकाच्या खाचेत दाबून बसवताना (पंच करताना) मोडते. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे पात्याने तार खरवडून पाहणे. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला की ती नाकारावी. ३०५ मीटरचे खोके हातात घेतल्यावर वजनातला फरकही कळतो. दरपत्रकात 'शुद्ध तांबे' हे शब्द, केबलची कंपनी आणि तिचा क्रमांक लिहून घ्या, आणि खोकी आली की ती उघडताना स्वतः उभ्या राहा.

चौथा मजला हा वरचा मजला आहे का? तसे असेल तर फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांच्या मधली जागा मे महिन्यात फार तापते. मानकातील लांबी २० अंश सेल्सिअसला धरलेली आहे, आणि त्यापुढे ४० अंशांपर्यंत साध्या, धातूचे कवच नसलेल्या केबलमध्ये दर अंशामागे सिग्नलची घट ०.४ टक्क्याने वाढते. म्हणजे पक्क्या केबलसाठीची ९० मीटरची मर्यादा (१०० मीटरपैकी उरलेले दोन्ही टोकांच्या सुट्या केबलींसाठी असतात) ४० अंशांत सुमारे ८३ मीटरवर येते. आपल्या ६२ मीटरला याची भीती नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कोणाचा पॉइंट ८८ मीटरवर असेल तर त्याने हा हिशेब जरूर करावा.

दीड खोली | शनिवार, सकाळी ११.००

आमच्याकडे सर्वांना लॅपटॉप दिले आणि पूर्ण कार्यालय वाय-फायवर नेले. टेबलांची केबलिंग टाळल्यामुळे खर्च वाचला आणि माणसे कुठेही बसू शकतात. आपणही हा पर्याय विचारात घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

खारी हवा | शनिवार, दुपारी १२.३५

दीड खोली यांचा अनुभव त्यांच्या कामासाठी योग्य असेल. ईमेल आणि ब्राउझरवर चालणाऱ्या कार्यालयात तो मार्ग मीही सुचवतो. इथे परिस्थिती वेगळी आहे. वाय-फायची हवा सर्वांमध्ये वाटलेली असते. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, त्यामुळे चाळीस जणांनी सकाळी एकदम मोठ्या फायली उघडल्या की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. वागळेतील गाळ्यांच्या भिंती जाड असल्या तरी शेजारच्या कार्यालयांची वाय-फाय खिडक्यांतून येतेच, आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत. शिवाय वाय-फायचे प्रत्येक यंत्र शेवटी तारेलाच जोडावे लागते. नवीन यंत्रांना अडीच गिगाबिटचा पोर्ट आणि अनेकदा २५ वॅटपर्यंत वीज लागते, म्हणजे स्विच घेताना केबलमधून वीज देण्याचे ८०२.३एटी हे मानक पाहून घ्यावे लागते. तेव्हा तार टळत नाही, तिची जागा फक्त बदलते.

उभा शाफ्ट | शनिवार, रात्री ८.१०

मजल्यांच्या दुव्याविषयी कोणी सविस्तर लिहिलेले नाही म्हणून लिहितो. तिथे तांबे वापरूच नये, फायबर (काचेच्या तंतूंची केबल) टाकावे. त्याचे कारण केवळ वेग हे नाही. आपल्या दोन मजल्यांचे वीजमीटर वेगळे असतील, त्यांचे अर्थिंग वेगळे असेल, तर दोन रॅकच्या धातूंमध्ये विद्युत दाबाचा फरक राहू शकतो आणि कवच असलेल्या तांब्याच्या केबलमधून तो वाहू लागतो. काचेच्या तंतूतून वीज जात नाही, त्यामुळे हा प्रश्न मुळातच संपतो. पावसाळ्यात विजेच्या कडकडाटानंतर पोर्ट जळण्याचे प्रकारही फायबरच्या दुव्यात होत नाहीत.

ओएम३ जातीच्या मल्टिमोड (कमी अंतराच्या) फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटर जाते, आपले अंतर तर जेमतेम ३० मीटर असेल. तरीही मी सिंगलमोड (लांब अंतराचे) फायबर सुचवेन, कारण पुढे वेग वाढवायचा झाला तर फक्त टोकांची मॉड्यूल बदलावी लागतात. दोन तंतूंची गरज असली तरी बारा तंतूंची केबल टाका. खर्च मजुरीचा आणि परवानगीचा असतो, तंतूंचा फारसा नसतो.

तिसऱ्या मजल्यावरून जाणारा भाग इमारतीच्या सामाईक शाफ्टमधूनच न्या, त्यांच्या गाळ्यातून नेऊ नका. सोसायटीचे आणि त्या गाळेधारकाचे पत्र लेखी घ्या, आणि त्यात दुरुस्तीसाठी शाफ्ट उघडण्याचा हक्क नमूद करा. स्लॅबमधले भोक काम झाल्यावर अग्निरोधक लेपाने बंद करणे ही ठेकेदाराची जबाबदारी म्हणून लिहा. उघड्या भोकातून आगीचा धूर मजल्यामागून मजला चढत जातो.

बेलापूर लेखा | रविवार, सकाळी ९.५०

मी लेखा विभाग सांभाळते आणि अशा कामांची देयके माझ्या टेबलावरून जातात, म्हणून पैशांच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

तीन दरपत्रकांची तुलना आज होऊच शकत नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिले आहेत. आधी आपल्या गटाने परिमाणपत्रक तयार करावे : पॉइंट किती, प्रत्येकाची जात कोणती, केबली ठेवायचे ट्रे किती मीटर, रॅक किती उंचीचा, लेबल कोणत्या पद्धतीचे. तेच पत्रक तिघांना द्यावे आणि रिकामे रकाने भरून मागावेत. दर पॉइंटवर घ्यायचा की मीटरवर, हेही आपणच ठरवावे. मीटरवर घेतल्यास केबल लांबून फिरवली जाते आणि पॉइंटवर घेतल्यास ती छतावरून तिरपी, आधाराशिवाय टाकली जाते. दोन्हीकडे लक्ष ठेवावेच लागते. मला पॉइंटवर दर आणि मार्गाचा आराखडा आधी मंजूर, ही रीत बरी वाटते.

देयकाचा मोठा हिस्सा तपासणी अहवालाशी बांधावा. 'दिवा लागला, म्हणजे पॉइंट चालू' ही तपासणी नव्हे. प्रमाणन यंत्राने प्रत्येक पॉइंटचा जोडणीक्रम, लांबी, घट, जोड्यांतील परस्पर हस्तक्षेप आणि परावर्तन (सिग्नलचे मागे परतणे) मोजलेले असावे. अहवाल यंत्रातून निघालेल्या मूळ फायलीच्या स्वरूपात मागावा, कारण छापील कागदावर आकडे बदलता येतात. एका कामात आम्ही कागद स्वीकारून पूर्ण रक्कम दिली; वर्षभराने दोष निघाले तेव्हा ठेकेदाराचा फोनही लागत नव्हता. तेव्हापासून मी या अटीवर ठाम आहे.

ऐरोली नाका | रविवार, दुपारी २.२५

बेलापूर लेखा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टींची त्यात भर घालतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा अनेक कार्यालयांत सर्व्हरला यूपीएस होता, पण मजल्यावरच्या स्विचला नव्हता. सर्व्हर चालू असूनही त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. परिमाणपत्रकात दोन्ही रॅकना यूपीएस लिहा. दुसरे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणून नवे स्विच आणि फायरवॉल घेताना लॉग कुठे साठणार आणि सर्वांची घड्याळे कशी जुळणार, हे आधी ठरवा. टेबलाखालच्या साध्या स्विचांत यातले काहीही होत नाही.

खाडीकाठ | पुढचा सोमवार, सकाळी १०.४५

सर्वांच्या उत्तरांवरून आम्ही सात जणांचा गट नेमला आणि एका पानावर अधिकार लिहून सह्या घेतल्या. कामाचा क्रम पूर्ण बदलला आहे. सर्वांत आधी मजल्यांमधले बारा तंतूंचे सिंगलमोड फायबर, त्यानंतर दोन्ही रॅकचे अर्थिंग, यूपीएस आणि स्विच, मग वाय-फायच्या जागा आणि शेवटी टेबले. चौथ्या मजल्यावरील जुनी कॅट ५ई सरसकट काढायची नाही असे ठरले; प्रत्येक केबल यंत्राने तपासायची, उत्तीर्ण होईल ती नवे लेबल लावून ठेवायची आणि अनुत्तीर्ण होईल तिथेच कॅट ६ टाकायची. दुसऱ्या मजल्याची मांडणीच बदलणार असल्याने तिथे सर्व नवीन होईल. यातून वाचलेले पैसे तपासणी आणि ट्रेसाठी राखून ठेवले आहेत.

एक प्रश्न उरला आहे. नव्या रॅकसाठी दोन जागा आहेत : एक स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, दुसरी खाडीच्या बाजूच्या खिडकीजवळ. कोणती घ्यावी?

खारी हवा | पुढचा सोमवार, सकाळी ११.३०

यांतील एकही नको. स्वच्छतागृहाच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि खिडकीतून येणारी दमट, खारी हवा दोन-तीन वर्षांत पोर्टच्या पिना काळ्या करते. आतल्या बाजूची, मजल्याच्या मध्याच्या जवळची जागा शोधा, म्हणजे केबलींची लांबीही कमी होईल. छतावरचा एसी रॅकच्या बरोबर वर येणार नाही याची खात्री करा, कारण त्याची पाण्याची नळी कधी ना कधी तुंबते.

तांब्याची तार | पुढचा सोमवार, दुपारी ३.००

जुन्या केबली तपासून ठेवण्याचा निर्णय योग्य आहे. त्यात एक काळजी घ्या : तुटक्या जोडीचे जे ७ पॉइंट सापडले, त्यांची केबल लगेच फेकू नका. बहुतेक वेळा दोष केबलमध्ये नसून दोन्ही टोकांच्या पंचिंगमध्ये असतो. जोड्यांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू न देता टोके नव्याने बसवा आणि मग तपासा. नवीन टोके बसवताना दोन्हीकडे एकच रंगक्रम ठेवा. तारांच्या दोन ठरलेल्या रंगक्रमांपैकी आपल्याकडे बहुधा 'बी' क्रम वापरतात, तो जुन्या पॅच पॅनलवरही (रॅकमध्ये केबलींची टोके बसवतात त्या पट्टीवर) आहे का ते आधी पाहा.

खाडीकाठ | तिसरा रविवार, रात्री ९.२०

काल आणि आज आराखडा विभागाच्या एका रांगेतील २४ पॉइंटांचे काम नमुना म्हणून करून घेतले. त्यातले १२ पॉइंट नवीन कॅट ६चे आहेत आणि १२ जुने, टोके नव्याने बसवलेले. आधीच्या मोजणीत सापडलेल्या ७ सदोष पॉइंटांपैकी ५ याच रांगेत होते. त्या ५ पैकी ४ उत्तीर्ण झाले, पाचव्याची केबल ट्रेच्या कोपऱ्यावर चेपलेली निघाली आणि ती बदलली. नवीनपैकी दोन पॉइंट परावर्तनाच्या कसोटीत अनुत्तीर्ण झाले. फॉल्स सीलिंगमध्ये त्यांना प्लास्टिकच्या पट्टीने फार आवळून बांधले होते. पट्टी काढून वेल्क्रो लावल्यावर एक उत्तीर्ण झाला आणि दुसरा ठेकेदाराने स्वखर्चाने नव्याने ओढला. मूळ फायली माझ्याकडे आल्या आहेत.

सोसायटीचे पत्र मिळाले आहे. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनीही संमती दिली, मात्र शाफ्टचे काम त्यांच्या सुट्टीच्या दिवशीच व्हावे अशी त्यांची अट आहे. म्हणून फायबर येत्या रविवारी सकाळी सात वाजता ओढायचे ठरले आहे, आणि शाफ्टची किल्ली मी शनिवारी संध्याकाळीच स्वतःकडे घेऊन ठेवणार आहे.